आत्तीनं उमेदवाराला बसवला

ते एआय-बियाय मला सांगू नका, त्यात आपण फक्त आमच्या कसबा बावड्याच्या आत्तीला मानतो. इलेक्शनच्या तोंडावर तिला फोन आला. आवाज हुबेहूब उमेदवाराचा, पण बोलत होतं मशीन.

"नमस्कार मावशी, तुमची काय अडचण हाय?"

आत्तीनं आधी विचारलं, "जेवलास काय?" मग गल्लीतली तुंबलेली गटार, डास, वास, सगळं बैजवार सांगितलं. मशीन म्हणालं, "तुमचं काम झालं म्हणून समजा, मावशी."

पुढच्या आठवड्यात खरा उमेदवार हात जोडत दारात आला.

आत्ती म्हणाली, "गटारीचं काय झालं रं? फोनवर कबूल झालतास की!"

गडी गडबडला. "मावशी, त्यो मी न्हवतो. मशीन हुतं ते."

सगळी गल्ली हसायला लागली. आम्हाला वाटलं, आत्ती आता वरमणार. तिनं शांतपणे खुर्ची पुढं सरकवली.

"मशीन असून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. तू तर माणूस हाईस, बस की!"

बसला की! आणि गटार उपसायची गाडी गल्लीत शिरेपर्यंत आत्तीनं त्याला उठू दिलं न्हाई.