बांबूवरची कॉइल

—नाई जी साहेब, गुरुजी घरी नाईत, शाळेत गेले. बसा नं. तुम्ही नागपूरचे वायरलेसचे इन्स्पेक्टर, हे समजलं मले. पण आमच्या गुरुजीनं बिनालायसनची, आवाज हवेत सोडाची मशीन बनवली म्हणता, ते काही खरं नाई. नवऱ्याची कागाळी करू नये, पण त्याईले भिंतीत खुंटी ठोकता येत नाई जी. परवा कंदिलाची वात वर करता करता कंदीलच इझवला. असा माणूस वायरले कथलाचा डाग देईन? डाग द्यायले हात थीर लागते—हे कोपऱ्यातलं? हे जुनं सामान हाय. गुरुजीनं चांद्याहून रेडिओचे दोन व्हॉल्व आणले, एक इंग्रजी मासिक आणलं, न दोन महिने नुसते पाहत बसले. इंग्रजी मले येत नाई, पण त्यातली आकृती तं आकृतीच असते नं? रांगोळीवानी, ठिपक्याले ठिपका जोडत जाचा. कॉइल गुंडाळाले नळी नव्हती, तं वाळला बांबू कापला. इथी नागभीडले बांबूचा का तोटा हाय?

धोतराचं तुमाले कोणं सांगितलं? स्टेशनावर? बाप्पा. ते असं झालं—आवाज पोचते का पाहाले गुरुजी शाळेत रेडिओ लावून बसले होते. न माइकसमोर मले सुचेना काय बोलावं, तं जे झालं होतं तेच बोलली, 'गुरुजी, तुमचं धोतर बकरीनं खाल्लं.' शाळेत काहीच ऐकू आलं नाई. निंघालं कुठी, तं स्टेशनावरच्या रेडिओत, बातम्याईच्या मधात. सारं फलाट हासलं. गुरुजी चार दिवस बाजारात गेले नाईत.

पण काऊन झालं ते तं आइका. एक व्हॉल्व लहर काढते, दुसरा तिले ताकद देते. दोघाईले जोडणारा कंडेन्सर मोठा लागला होता. जात्यावर दोघी बसल्या न दोघीईनंबी खुंटा आवळून धरला, तं जोरवालीच्या हिसक्यानं दुसरीचा ताल जाते का नाई? तसंच. मी जोरात बोलली का लहर सरके, थेट नागपूर केंद्रावर. मंग मी मोठा काढला, इवलासा लावला, नुसतं बोट टेकवल्यावानी—तवापासून केसभर हालली नाई. काल सकाळीच पाह्यलं—

लिवाचे काऊन थांबले, साहेब?

नाई, थांबा. गुरुजीचं नाव खोडा. त्याईची सरकारी नोकरी हाय, एका कागदानं जाईन. ते बिचारे नुसते ऐकत होते. बनवली मी, बोलली मी. लिवा—मनकर्णा. चौथी पास. नेता तं मले न्या.

हासता काऊन? कंडेन्सर केवढा लावला? ते कायले पाह्यजे तुमाले—काय म्हणता? तुमच्या घरच्या मशीनचीबी लहर सरकते?

...मंग तो कागद पहिले चुलीत टाका. चूल तिकडं हाय.