अकराव्या प्रश्नाचं उत्तर

एखाद्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष वाचला की मी आधी विचारते, "उत्तर देताना शेजारी कोण बसलं होतं?" तुम्ही या सवयीला हसता, म्हणून सांगते.

कर्करुग्णांच्या मनःस्थितीवरील संशोधनासाठी मी लातूरच्या एका रुग्णालयात प्रश्नावल्या भरून घेत होते. अकरावा प्रश्न असा होता: रुग्णाला आपलं निदान ठाऊक आहे का? चाकूरच्या एका आजींच्या मुलानं मला वॉर्डाच्या दारातच गाठलं. "मॅडम, मायला निस्ती गाठ हाय म्हनून सांगितलंय. कॅन्सरचं नाव काढू नका, धसका घेईल ती."

मी त्याच्या शब्दावर विसंबून 'नाही' या चौकोनात खूण केली. तो औषधं आणायला गेला, तशी आजींनी मला जवळ बोलावलं.

"काय लिवलं? मला म्हाईत न्हाई म्हनून? खोडा ते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगतंय, बाई! तीन महिने झाले, लेक माझ्यावर एकदाबी खेकसला न्हाई. तवाच वळखलं, दुखणं साधं न्हाई. पर त्याला बोलू नका. मला कळलंय म्हनल्यावर पोरगं लई खचंल."

मी खूण खोडली. तेवढ्यात तो परतला आणि मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मायला काही सांगितलं तर न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

अक्षरशः खरं आणि तरीही इतकं अपुरं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.