आजोबांचे थेंब

“मी असो नसो, आजोबांच्या डोळ्यांतले थेंब चुकवायचे नाहीत.”

बँकेत रखवालदारी करणाऱ्या नवऱ्याचं हे बोलणं मनात घोळवत ती औषधाच्या दुकानाबाहेर बाकावर बसली होती. परवाच तो गेला होता. शेजारी दोघं अनोळखी गृहस्थ पेपर वाचत होते.

“बँकेतला रखवालदार गेला बघा. बंदूक पुसताना गोळी सुटली.”

“नाव काय?”

“दिलेलं नाही. दोन ओळी आहेत, आणि खाली गादीची ही एवढी जाहिरात.”

“रोज कुठे ना कुठे सुटतेच हो. छापणार तरी किती?”

“भरलेली पुसायला घेतली, म्हणजे वेंधळाच म्हणायचा.”

“घरी कोणी असेल का त्याच्या?”

“असेल की. ते कुठे छापतात?”

दुकानदाराने बाहेर येऊन तिच्या हातात थेंबांची बाटली दिली.

“डोळे आलेत वाटतं, ताई? लाल दिसतायत.”

“माझ्यासाठी नाहीत हे. शेजारच्या आजोबांना अंधुक दिसतं.”

“त्यांचं कोणी नाही?”

“आमचे हे घालायचे थेंब.”

“मग आज ते कुठे गेले?”

तिने बाटली जपून पिशवीत ठेवली.

“दिवेलागणीच्या आत घालायचे असतात,” ती म्हणाली, आणि आजोबांच्या घराकडे चालू लागली.