खाटेवरून टेबलापर्यंत

माझा जन्म देवासचा. वडील जळगावकडचे, कारखान्यात नोकरी लागली म्हणून आले नि इथलेच झाले. शाळा हिंदीची, त्यामुळे माझी मराठी, काय सांगू तुम्हाला, अर्धी घरची अर्धी बाजारातली. लग्नाआधी मीपण कारखान्यात होती, सर्किटचे बोर्ड तपासायच्या लाइनीवर. मग धारला सून म्हणून आली. सासर जुनं, संस्थानाच्या वेळचं, सासूबाई म्हणायच्या, अगं परेशान काय, त्रासले म्हण. चांगल्या होत्या पण.

ह्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांच्या टेबलाला मी कधी हात लावला नाही, लावूही द्यायचे नाहीत. मागच्या साली ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं. खाट दुकानातच टाकली, येणारं-जाणारं दिसेल म्हणून, तर हे भिंतीकडे तोंड करून पडायचे.

अशात राजगढचा एक भिया, आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात, आला. त्याच्या हॉटेलात वडिलांनी हौसेनं आणलेली पिनबॉलची मशीन, म्हणजे काचेखाली लोखंडी गोळी पळते, बटण दाबलं की पट्ट्या तिला वर फेकतात, तसला खेळ. ती बंद पडलेली. वडील आता थकले, त्यांना एकदा चालू पाहायची आहे, म्हणाला, नि आतले बोर्डच काढून घेऊन आलेला. मी म्हणणार होती की दुकान बंद आहे, पण तोंडातून निघालं, ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या टेबलाशी बसली. मशीन तर राजगढला, म्हणून पट्ट्या हलवणाऱ्या कॉइलच्या जागी छोटे बल्ब जोडले, मतलब चूक झाली तरी काही जळायला नको. वीज दिली. एक बल्ब आपोआपच पेटून राहिला, त्याचा ट्रान्झिस्टर गेलेला, तो बदलला. दुसरा मात्र बटणाची तार टेकवली तरी काही केल्या पेटेना. मीटर लावला, पार्ट बदलला, नाही. तेवढ्यात मागून हे डाव्या हातानं खाट ठोकायला लागले. ठोकतायत, ठोकतायत. मला वाटलं रागावले, बायको आपल्या टेबलावर बसली म्हणून. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, मी वळली नि म्हटलं, मग या ना तुम्ही इथं, या नि करा.

बोलली नि लगेच वाईट वाटलं. पण ते उठायलाच बघत होते. खांदा दिला, भिंत धरत धरत आलो दोघं. खुर्चीत बसले, दम लागला, मग खुणेनं बोर्ड उलटा करायला लावला, खूप वेळ पाहिला, नि कडेच्या एका पिनेवर बोट ठेवलं. तिथल्या टाक्याला चीर होती, केसासारखी. मी तापलेली कावीळ लावून, चुकली बघा, कथील लावून टाका पक्का केला. बल्ब पेटला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्यापण.

बोर्ड राजगढला परत गेले, मशीन चालली. भियाचा फोन आला, वडील स्टूल घेऊन बसलेत, उठायलाच तयार नाहीत.

डॉक्टर म्हणतात उजवा हात आता यायचा नाही. नाही तर नाही. रोज अंघोळ झाली की हे टेबलाशी येऊन बसतात, मी तपासते, ते चुका काढतात, भांडतोपण आम्ही, मी तोंडानं नि ते बोटानं. दोन-चार शब्द परत आलेत, त्यात पहिला आला तो ‘नाही’, खास मला सांगायला. देवानं एवढं भांडण चालू ठेवावं, बाकी काही मागत नाही मी.