खिशातली किल्ली

मृत्यूचे दाखले मिळतात त्या कार्यालयात बसलो होतो. खिडकीमागच्या बाईंनी बेल वाजवली की पुढच्या माणसानं उठायचं. माझ्या शेजारी एक भाऊबहीण बसले होते.

“दादा, हॉस्पिटलनं धाकट्याच्या कपड्यांची पिशवी दिली ना? पँटच्या खिशात ही किल्ली निघाली.”

“आपल्या घराची असेल, जुन्या कुलपाची. त्याच्या दारूपायी कुलूप बदललं, तरी जपून ठेवली लबाडानं.”

“जुनी नाही. सकाळी लावून बघितली. दार उघडलं.”

“काहीतरीच काय! नवी किल्ली त्याला दिली कोणी?”

“आईनं. कुलूप बदललं त्याच आठवड्यात. मगाशी कबूल केलं तिनं.”

“म्हणजे त्या दुपारी ही त्याच्या खिशात होती?”

“हो.”

“अगं, मग बेल कशाला वाजवत बसला? छातीत दुखत होतं तर सरळ आत यायचं ना! मला वाटलं, पिऊन आलाय, कंटाळला की जाईल. मी टीव्हीचा आवाज वाढवला गं. आणि हा गाढव किल्ली खिशात ठेवून जिन्यात…”

“किल्ली घेताना आईला म्हणाला होता तो.”

“काय?”

“घरात चोरासारखा शिरणार नाही. दादानं दार उघडलं, तरच येईन.”

खिडकीमागच्या बाईंनी बेल वाजवली. भाऊ बसूनच राहिला.

“दादा, बेल वाजतेय. ऊठ ना.”