भुवईवरचं हाड

नाही हो ताई, मार नाही लागला तिला. थायरॉइड पण नाही — सगळे हेच दोन विचारतात. हाड आहे ते. उजव्या भुवईवरचं हाड आतून-बाहेरून वाढायलंय, दहावीत होती तेव्हापासून. कॅन्सर नाही, कुणाला लागत नाही, लेकराबाळांत उतरत नाही — पाठ झालंय मला! माझी लेक, पद्मावती. आत तपासायलेत तिला. तुम्ही मराठी बोललात म्हणून सांगायले, नाहीतर इथं तेलुगू-उर्दूत कुणापाशी बोलणार?

वैताग कशाचा माहितीये? इतकी वर्षं जो तो तिचं तोंडच बघायला. हिमायतनगरच्या डॉक्टरनं चष्मा दिला. दुसऱ्यानं थेंब दिले. तिसरा म्हणला, दिसायला बरं वाटत नसेल तर हाड तासू, घाई काय आहे. आमचे हे — एकनाथराव — त्यांना तेच पाहिजे होतं. ‘लग्न होऊ द्या, मग बघू.’ फोटो काढायचा तर डावीकडून, केस कपाळावर ओढून. अरे, पण त्या डोळ्याला दिसतंय का, हे विचारलं का कुणी?

परवा चिक्कडपल्लीच्या मार्केटात टमाटे घ्यायलो होतो आम्ही. पोरगी एक टमाटा हातात धरून उभी — हा डोळा झाक, तो डोळा झाक. म्हटलं, काय हौलेपणा लावलाय येड्यासारखा, लोक बघायलेत! तर म्हणते, ‘आई, डाव्यानं लाल आहे गं. उजव्यानं मातीसारखा.’ पिशवी तिथंच टाकून आले मी.

आज डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. डोळ्याची नस मेंदूकडे जाते ना, तिची वाटच हाडानं आवळलीय. गेलेली नजर परत येईलच असं नाही म्हणल्या, राहिलेली वाचवायला ऑपरेशन करून वाट मोकळी करावी लागेल — आणि त्यात आहे ती पण जाऊ शकते. सरळ सांगितलं. ह्यांना फोन लावला तर काय म्हणावं? ‘लग्न तोंडावर आलंय, डोक्याला टाके घेऊन मांडवात उभी करू का? मी येईपर्यंत सही करू नका.’ लग्न म्हणे! साखरपुड्यात मुलाच्या आत्यानं माझ्या लेकीचं कपाळ चाचपून बघितलं, आंबा पिकलाय का बघतात तसं — आणि आम्ही वर तिला साडी नेसवली. मोडलं तर मोडू दे. खरं सांगू? मोडावं म्हणून मी रोज देवापुढं —

जाऊ द्या. घरात कुणाला माहीत नाही हे. तुम्ही पण ऐकलं नाही.

आली बघा. काय गं पद्मा, काय म्हणल्या? — काय? सही केलीस? तू?... बस. बस इथं.

ह्यांचाच फोन. — हां, बोला. नाही, मी नाही केली. अहो, ऐका तरी! तिनं केली. बावीस वर्षांची आहे, तिचीच चालते. — नाही, मला विचारलं नाही. तुम्हाला पण नाही. — ओरडू नका, दवाखाना आहे हा!

...ठेवला.

काय बघायलात ताई? तुमचं नाव घ्यायलेत आत. जा ना.