तांदळावरचं नाव

नाव काय लिवू म्हणताय? तुमच्या शिरगणतीच्या कागदावर नाव शेवटी लिवा, आधी ऐका तरी. माझं माहेर निपाणीचं, वडील शिंपी, घरात सहा पोरं नि शिलाईचं मशीन एक, तरी मला चौथीपर्यंत शिकवलं, शाळेच्या दाखल्यावर नाव चंपा. लग्न करून दिलं ते इथं बेंगळूरला, चामराजपेटेत, नवरा कारखान्यात टर्नर, घरात सासू एकटी. आता आमच्या आत्याबाई, म्हणजे सासू हो, त्यांचंबी नाव चंपाच. एका घरात दोन चंपा कशा चालतील, सुनेला हाक मारली की सासूचं नाव घेतल्यागत व्हतंय, म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिवलं, सुनंदा. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्याच तांदळाचा भात लावला आणि सगळ्यांनी खाल्ला.

सात वर्षं सुनंदा म्हणून नांदले. मूल न्हाई झालं, ते असू दे. मग इंग्लंडात टर्नर पाहिजेत म्हणून कारखान्यातले दोघं-तिघं निघाले, तसे हेबी निघाले. जाताना म्हणाले, वर्षात बोलावतो, तू तुझा पासपोर्ट काढून ठेव. मी खुळी हुरळले. काय सांगू तुम्हाला, चिकपेटेतनं लोकरीचं कापड आणून माझ्या हातानं कोट शिवला, नऊवारीवर घालायचा कोट, कुणी बघितला व्हता का असला?

पासपोर्टचं हापीस तवा मद्रासला. कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगचं मशीन घेऊन एकजण बसायचा, अण्णा म्हणायची मी त्याला, त्यानं फारम भरून धाडला. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला, देवीची लस टोचून घेतली, दंड हा एवढा सुजला, फोटो काढला. आणि मद्रासहून कागद आला, शाळेचा दाखला चंपाचा, अर्ज सुनंदाचा, ह्या दोघी एकच कशावरनं? लग्नाचा दाखला द्या. आमच्या लग्नाचा कुठला आलाय दाखला? पत्रिका दाखवावी तर तिच्यावरबी चंपाच, ती आधी छापतात की हो, सुनंदा मी झाले लग्न लागल्यावर. अण्णा म्हणाला, अक्का, नाव बदलल्याचं काही लिवलेलं हाय का? मी म्हणाले, हाय की, तांदळावर. तो भात खाऊन सात वर्षं झाली, आता शिक्का कुठं मारताय सांगा.

मग सुरू झाले कोर्टाचे खेटे. आज साहेब न्हाईत, नाळे बा, उद्या ये. उद्या गेलं की स्वल्प थांबा. आत्याबाई माझ्याबरोबर यायच्या, अनवाणी, चार-चार तास पायरीवर बसायच्या. कारकुनानं नवऱ्याचं नाव इचारलं तर माझ्या तोंडातनं निघेना, त्यांनीच सांगितलं, आणि चंपा नि सुनंदा ही एकच बाई, माझी सून, म्हणून स्टँप पेपरवर अंगठा दिला. कारकून म्हणाला, सरी, ठीक हाय, आता नवऱ्याचं एक पत्र मागवा, ही माझी बायको, दोन्ही नावं हिचीच, खाली सही. तेवढं एकच राहिलंय.

एक सही हो. मी पत्रावर पत्रं टाकली. उत्तर यायचं, थंडी लई हाय, बर्फ पडलाय, आईची तब्येत कशी हाय. सहीचं नाव न्हाई. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग एक निळं पत्र आलं. पत्रं मीच वाचून दाखवायची आत्याबाईंना, तसं वाचायला बसले. लिवलं व्हतं, इथं आल्या आल्या फारमात मी लग्न झालेलं न्हाई असं लिवलंय, एकट्या माणसाला खोली लवकर मिळते म्हणून. आता बायको हाय म्हणालो तर खोटारडा ठरीन, नोकरी जाईल. तर तू पासपोर्टचा नाद सोड, आईला संभाळ. मनात आलं, गाळून वाचावं, म्हातारीला कशाला. पण गाळलं न्हाई, सगळं वाचलं, मोठ्यानं वाचलं.

बघा की, लग्न झालंय म्हणायला पोलीस आला, कोर्ट झालं, अंगठे झाले, तरी पुरलं न्हाई. न्हाई झालं म्हणायला त्याला एक शब्द पुरला, आणि तो कुणी तपासलाबी न्हाई. हां, नवऱ्याला तोच म्हणते मी आता. तवापासनं अहो-जाहो बंद.

 आत्याबाई उठल्या, डब्यातले तांदूळ ताटात वतले, हातानं पसरले आणि माझ्यापुढं सरकवले. म्हणाल्या, तुला लिवता येतंय न्हवं? लिव तुझं नाव. मी म्हणाले, आत्याबाई, ते तर तुमचं नाव. म्हणाल्या, असू दे, राहतील दोन चंपा. मी बोटानं लिवलं आणि मग रडले, तोवर रडले नव्हते. त्याचा भात त्यांनीच लावला.

आता मी चिकपेटेतल्या दुकानाचे ब्लाऊज शिवते, दोघींचं भागतंय. कोट थंडीत आत्याबाई घालतात. रेशन कार्डावर दोन चंपा हायत, दुकानदार इचारतो, मायलेकी काय? आत्याबाई व्हय म्हणतात. मी कशाला खोडू, एवढी खोटी माणसं कागदावर खरी झाली, त्यात आम्ही दोघी.

त्याचं पत्र अजून येतंय वर्षातनं एखादं, वर नाव सुनंदा. पोस्टमन दारात उभा राहून हाक मारतो. मी मशीनवरनं न उठताच सांगते, इथं सुनंदा कोण राहत न्हाई बाबा.

देव भलं करो तुमचं, इतका वेळ ऐकलंत. आता लिवा नाव. चंपा लिवा.